एका नवरीची पाच लग्नं

मावशीच्या न्हाणीघरातला मोठा टब तीन आठवडे झाले तरी आंघोळीला मोकळा झाला नव्हता. त्यात कागदाचा लगदा भिजत पडला होता. भाचीने ठरवलं होतं की लग्नाची पत्रिका छापखान्यातून आणायची नाही, कागदसुद्धा घरीच करायचा. जुन्या वह्या, पाकिटं, कोणाकोणाच्या कपाटातले पिवळे पडलेले कागद फाडून, भिजवून, कुटून ती जाळीच्या चौकटीवर लगदा उचलायची आणि ओले ताव खिडकीच्या काचांवर चिकटवून वाळवायची. त्यामुळे घरात भर दुपारी दिवा लावावा लागे. पत्रिका हव्या होत्या एकशे चाळीस. वाळल्या होत्या साठ.

"आपण लग्न करतोय की कागदाची गिरणी काढतोय?" मावशी विचारायची.

"तू नुसत्या कडा बघ ना, किती सुरेख आल्यात."

मावशी कडा बघायची. सुरेख आलेल्याच असायच्या. हातच तसा होता पोरीचा. दातांच्या प्रयोगशाळेत ती कवळ्या बनवायची. अनोळखी माणसाच्या जबड्याचा साचा समोर ठेवून त्याला हसता येईल असे दात बसवायचे, हे तिचं रोजचं काम. पत्रिका झाल्या की कागदी फुलं करायची होती, तारेच्या देठांची. मग पताका, त्या मावशीने गिरणीतून जमवलेल्या कापडाच्या तुकड्यांच्या. होणारा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. मावशी त्याला तोंडावर 'लिफ्टवाले' म्हणायची आणि तोही हसत 'ओ' द्यायचा. जाळीच्या चौकटी त्यानेच ठोकून दिल्या होत्या.

मावशी स्वतः एकतीस वर्षं कापडगिरणीत तपासनीस होती. उतरतं काचेचं टेबल, खाली दिवा, वरून कापड सरकतंय, दोष दिसला की किनारीला लाल दोरा बांधायचा. डोळ्यात तेल घालून हे काम केलं आणि निवृत्त झाल्यावरही ते तेल काही डोळ्यांतून गेलं नाही. गिरणीत तिला 'भिंग' म्हणत. भाजीवाल्याने आपणहून एक टोमॅटो जास्त घातला तर ती घरी येऊन सगळेच टोमॅटो उलटेपालटे करून बघायची.

आणि फोटोवाल्यांवर तर तिचा विशेष राग. तिच्या बहिणीच्या, म्हणजे भाचीच्या आईच्या लग्नात एका फोटोवाल्याने दिवसभर झगमग फ्लॅश उडवला होता. पंधरा दिवसांनी कळलं की कॅमेऱ्यात फिल्मच नव्हती. तोवर तो गाशा गुंडाळून पसार. भाची नऊ वर्षांची असताना बहीण गेली, आणि आई नवरी असताना कशी दिसायची हे पोरीला दाखवायला घरात एक चिठोरंही नव्हतं. तेव्हापासून मावशी फोटोवाल्यांच्या बाबतीत ताकही फुंकून प्यायची.

म्हणून फोटोवाला निवडायची वेळ आली तेव्हा मावशी खुर्ची ओढून मधोमध बसली.

पहिला आला तो स्वतःचेच फोटो दाखवत होता. दुसरा नवरानवरीला तळ्यात उभं करतो म्हणाला. "पोहता येतं का रे तुला?" मावशीने लिफ्टवाल्याला विचारलं आणि तो विषय तिथेच बुडाला. तिसरा आला तो किडकिडीत, पन्नाशीकडे झुकलेला, हळू बोलणारा. बूट दारात काढून त्याने ते भिंतीला समांतर लावले. हात धुवायला पाणी मागितलं. मग पिशवीतून एक जाड अल्बम काढून टेबलावर ठेवला.

"पाच लग्नं आहेत यात," तो म्हणाला. "बघा."

भाचीने पानं उलटायला सुरुवात केली आणि तिचा चेहरा खुलत गेला. या फोटोंत कोणी दात काढून हसत नव्हतं, कोणी कोणाला उचलून घेत नव्हतं. मेंदीबिंदी नसलेले साधे हात, बोटातली अंगठी, मानेवर सुटलेली बट, टेबलावरचं कापड आणि त्यावर ठेवलेले दोन पेले. नवरी पाठमोरी, नाहीतर जाळीदार ओढणीआड.

"हे बघ, यांना हाताने केलेल्या गोष्टी दिसतात," भाची लिफ्टवाल्याला म्हणाली.

"आगाऊ काही द्यायचं?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"नको. काम झाल्यावर बघू."

मावशीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आगाऊ मागणारा माणूस लोभी असतो, ते समजतं. न मागणाऱ्याला काय हवं असतं?

पुढच्या आठवड्यात तो घर बघायला आला. तयारीचे फोटो घरी काढायचे तर उजेड कसा आहे ते बघतो, म्हणाला. खिडक्या बघितल्या, कडी लावून काढून बघितली, आतल्या खोलीचं दार किती उघडतं ते बघितलं.

"दुपारी घरात कोण असतं?" त्याने विचारलं.

"का?" मावशी म्हणाली.

"नाही, उजेड दुपारी चांगला येईल. कागद काढले तर."

"दुपारी मी असते. सकाळी मी असते. संध्याकाळीही मीच असते."

तो मान डोलावून पुन्हा हात धुवायला गेला. दोनदा धुतले त्याने, आला तेव्हा आणि जाताना. मावशीला वाटलं, हात इतके धुणारा माणूस एकतर डॉक्टर असतो, नाहीतर त्याने काहीतरी केलेलं असतं. अल्बम तो मागे ठेवून गेला होता, भाचीला हवे तेवढे दिवस बघायला.

दुसऱ्या दिवशी भाची कामाला गेल्यावर मावशीने तो खिडकीशी नेला. एका काचेवरचा वाळलेला ताव सोलून काढला आणि गिरणीतलं भिंग बाहेर काढलं. माणसं बघण्याआधी तिने सवयीने कापड बघितलं. पहिल्या लग्नात टेबलावरचा कपडा, फिकट, खादीसारखा जाड. एके ठिकाणी आडवा धागा तुटलेला आणि तीन बोटांवर गाठ मारून जोडलेला. चांगला दिसण्याजोगा दोष, गिरणीत असती तर तिने लाल दोरा बांधला असता. तिने पान उलटलं. तिसऱ्या लग्नात मागे पडदा होता. पडद्यावर आडवा धागा तुटलेला, तीन बोटांवर गाठ. मावशीने भिंग पुसलं. पाचव्या लग्नात नवरीच्या खांद्यावर शाल. तुटका धागा, गाठ, तीन बोटं.

एका ताग्यात हजार दोष असतात, पण एकसारखे दोन नसतात. हे तीन कपडे नव्हते. एकच होता.

मग तिने नवऱ्या बघितल्या. पहिलीच्या डाव्या हाताची करंगळी वरच्या पेरात वाकडी. दुसरीची वाकडी. तिसरी, चौथी, पाचवी, सगळ्यांची तीच करंगळी. नवरे मात्र निराळे. एक जाडा, एक उंच, एक टकला.

मावशीने अल्बम मिटला. एक बाई, पाच लग्नं, आणि पाचही वेळा फोटो काढायला हाच हळू बोलणारा गृहस्थ. वर घराच्या कड्या तपासणारा. असल्या टोळ्यांबद्दल तिने वाचलं होतं. लग्न करायचं, घर धुऊन न्यायचं, पुढचं गाव गाठायचं. भाचीला सांगावं तर ती म्हणणार, मावशी, तुला टोमॅटोतही चोर दिसतो. तेव्हा आधी पुरावा. मावशीने कार्डावरचा पत्ता लिहून घेतला, चपला घातल्या आणि शेजारणीला सांगितलं, "चारपर्यंत आले नाही तर पोरीला फोन कर." शेजारण म्हणाली, "कुठे चाललात?" मावशी म्हणाली, "लग्नाच्या कामाला." खोटं नव्हतं.

पत्ता होता एका बेकरीच्या मागच्या जिन्याचा. पहिल्या मजल्यावर दाराशी शिलाई मशीनचा आवाज येत होता. मावशीने दार वाजवलं. मशीन थांबली. दार वीतभर उघडलं, आणि उघडणाऱ्या बाईआधी मावशीला तिच्या मागचा पडदा दिसला. तुटका धागा, तीन बोटांवर गाठ. दाराच्या कडेवर बाईचा डावा हात होता, करंगळी वाकडी.

"मला शिवायला टाकायचं होतं," मावशी म्हणाली. रस्त्यात ठरवलेलं ते एवढंच.

बाईने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही मावशी ना? नवरीच्या?"

"कशावरून?"

"हे म्हणाले होते, एक बाई बसल्या होत्या, मी बोलत होतो आणि त्या माझे बूट तपासत होत्या." बाई बाजूला झाली. "या आत. येणार कोणीतरी, हे मला ठाऊक होतं. आज आलात."

खोली एकच होती, लांबट. मावशी दाराजवळच्या खुर्चीत बसली, दार उघडंच राहू दिलं. बाईने चहा पुढे केला. मावशीने कप हातात धरला, प्यायली नाही.

"पाच वेळा लग्न केलंत तुम्ही," ती म्हणाली.

"एकदाच केलंय. यांच्याशी. बावीस वर्षं झाली." बाई मशीनपाशी बसली. "बाकीची पाच याच खोलीत झाली. कपडे मी शिवले. शिवण उसवून पुन्हा शिवली, रंगात बुडवली. हा पडदा टेबलावर घातला, टेबलावरचा खांद्यावर घेतला. नवरे म्हणजे खालचा बेकरीवाला, त्याचा भाऊ, समोरचे मास्तर. बेकरीवाल्याची बायको आठ दिवस माझ्याशी बोलली नाही."

"म्हणजे एकही खरं लग्न नाही?"

"एकही नाही. यांनी आजवर एकही लग्न काढलेलं नाही."

"मग कॅमेरा कुठे शिकले?"

बाईने मशीनवरची दोरा ओवायची सुई उगाच सरळ केली. "सरकारी रुग्णालयात होते. तळमजल्यावर. बेवारस माणसं येतात ना, ज्यांची ओळख पटत नाही, त्यांचे फोटो काढून वहीत लावायचे. घरच्यांनी येऊन ओळखावं म्हणून. चौदा वर्षं."

मावशीने कप खाली ठेवला.

"नुसते काढून मोकळे व्हायचे नाहीत," बाई म्हणाली. "आधी तोंड पुसायचे. केस विंचरायचे, कॉलरचं बटण लावायचे. आईला आपला मुलगा ओळखू यायला हवा, म्हणायचे. मग हळूहळू काय झालं, बसमध्ये कोणी झोपलेलं दिसलं की यांना घाम फुटायला लागला. मी झोपले तरी उठवायचे. शेवटी मी म्हटलं, पुरे. सोडा. लग्नं काढा, जिवंत माणसांची."

"मग हे सगळं सांगून काम मागायचं. सोंग कशाला?"

"दोन घरी खरं सांगून बघितलं. पहिल्या घरी मुलीची आई उठून आत गेली ती बाहेरच आली नाही. दुसऱ्या घरी आम्ही जिना उतरत होतो, तेव्हा वर कप फुटल्याचा आवाज आला. यांनी प्यायलेला." बाईने मावशीच्या भरलेल्या कपाकडे बघितलं. "तुम्ही प्यायला नाहीत, ते बरोबर आहे. तुम्हाला तर काहीच माहीत नव्हतं."

मावशीला एकाएकी आपल्या कपाची लाज वाटली आणि लाज वाटली याचा रागही आला. तिने चहा उचलून एका दमात संपवला. गार झाला होता.

"रविवारी त्यांना पाठवा," ती उठत म्हणाली. "त्यांनी स्वतः पोरीला सांगायचं. नाही आले तर मी सांगेन, आणि मी सांगितलं तर ते काही बरं वाटणार नाही ऐकायला."

जिना उतरताना तिला वाटलं, बाई बोलली ते तरी खरं कशावरून? ती बेकरीत शिरली. काउंटरवर जाडा नवरदेव पाव मोजत उभा होता. "तुमचं लग्न कधी झालं हो?" मावशीने विचारलं. तो कानापर्यंत लाल झाला. "कोणतं?" म्हणाला. मावशीने एक पाव विकत घेतला आणि घरी आली.

चार दिवस ती मूग गिळून बसली. रविवारी सकाळी तो आला, बूट समांतर लावले, हात धुतले आणि उभ्या उभ्याच भाचीला सगळं सांगून टाकलं. रुग्णालय, तळमजला, वही, बेकरीवाला. मध्ये एकदाही त्याचा आवाज चढला नाही की रडवेला झाला नाही. लिफ्टवाला खुर्चीत पुढे सरकून बसला होता. भाचीच्या हातात अर्धवट झालेलं कागदी फूल होतं, ते तिने खाली ठेवलं.

"तुला माहीत होतं?" तिने मावशीला विचारलं.

"बुधवारपासून."

"बुधवारपासून! आणि मी रोज तुला यांचे फोटो दाखवतेय!" मग ती त्याच्याकडे वळली. "तुम्ही तिथे काम करत होतात, याचं मला काही नाही. पण मी खोटे दात करते. ते खोटे आहेत हे घालणाऱ्याला माहीत असतं, म्हणून त्याला त्यांनी खाता येतं. तुम्ही मला खरे म्हणून दिलेत."

"हो," तो म्हणाला. "अल्बम घेऊन जातो."

"थांबा." लिफ्टवाला पहिल्यांदाच बोलला. "तळ्यावाल्याला दुसरीकडचं काम मिळालंय, त्याचाच निरोप आला होता. आणि माझ्या आईला हे कळलं तर ती काय म्हणेल ते मला माहीत आहे, म्हणून तिला मी सांगेन, तू नको." भाचीला तो म्हणाला, "पण फोटो कोणाला काढू द्यायचे ते तू ठरव."

भाचीने ते अर्धवट फूल पुन्हा उचलून त्याची तार पिळली. शेवटी म्हणाली, "शनिवारी दुपारी मैत्रिणी फुलं करायला येणार आहेत. त्यांचे काढा. खरी माणसं, खरं काम. मग बघते."

शनिवारी खिडक्यांवरचे ताव काढले होते. पाच जणी टेबलाभोवती बसून कागद कातरत होत्या, तार पिळत होत्या, खळीने बोटं चिकटवून घेत होत्या. तो आला आणि कामाला लागला. मावशी दारात उभी राहून बघत होती. तो प्रत्येकीजवळ जाऊन हळूच म्हणायचा, "थांबा हं जरा." मग तिची बट कानामागे सारायला सांगायचा, कॉलर नीट करायला लावायचा, हनुवटी वर. लिफ्टवाल्याचा फोटो त्याने समोरून काढला, मग डावीकडून, मग उजवीकडून.

"मी काय गुन्हा केलाय?" लिफ्टवाला म्हणाला. सगळ्या हसल्या. फोटोवाला हसणं संपायची वाट बघत थांबला आणि संपल्यावर बटण दाबलं.

दोन दिवसांनी त्याने फोटो आणून टेबलावर मांडले. उजेड उत्तम, एकूण एक धागा स्पष्ट. भाची बघत राहिली आणि तिला नेमकं काय खटकतंय ते सांगता येईना. मावशीला भिंगही लागलं नाही.

"दोष एकच आहे," ती म्हणाली, "पण सगळ्या मालावर आहे. यातलं कोणीच श्वास घेत नाहीये."

तो माणूस खुर्चीत खचला. त्यालाही दिसलं होतं ते, म्हणूनच बहुधा दोन दिवस लागले होते.

"झालं तर मग," तो म्हणाला.

मावशीला त्याला जाऊ द्यायचं होतं. खरंच होतं. पण तपासनिसाचा स्वभाव असा की दोष सापडला की तो का आला हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. "ऐका," ती म्हणाली. "गिरणीत कापड माझ्यासाठी थांबायचं नाही. नवीन होते तेव्हा मी दर दोन मिनिटांनी यंत्र थांबवायचे, नीट बघता यावं म्हणून. मागे चाळीस चाळीस वार तुंबायचं. मुकादम म्हणाला, बाई, कापड चालू द्या, तुमचा डोळा चालवा. तुम्हाला चौदा वर्षं थांबलेलीच माणसं मिळाली. आता 'थांबा' म्हणायचं नाही. उद्या सकाळी सात वाजता बसथांब्यावर या."

ती सोबत गेली ती काही मायेपोटी नाही. हा खरंच येतो का, आणि येऊन काय करतो, हे तिला बघायचं होतं. तो आला. बसमागे धावणारी माणसं, शाळेची पोरं, भांडणारी दोन म्हातारी माणसं. तोंडातून 'थांबा' निघालं की मावशी त्याच्या कोपराला ढोसायची. पहिल्या दिवशी सगळे फोटो हलले. दुसऱ्या दिवशी निम्मे. तिसऱ्या दिवशी एक पोर बुटाची नाडी बांधता बांधता जांभई देत होतं, ते त्याने टिपलं आणि मावशीला दाखवलं. मावशी म्हणाली, "पाय कापलेत." पण घरी येऊन भाचीला म्हणाली, "जमेल बहुतेक. नजर मात्र ठेवावी लागेल."

"ती तर तू ठेवशीलच," भाची म्हणाली. तिचा राग अजून पुरता गेला नव्हता, पण पत्रिका वाटायला निघाल्या तेव्हा एकशे चाळिसातली एक त्या बेकरीमागच्या जिन्यावरही गेली, बाईच्या नावाने.

लग्नाच्या दिवशी मावशी बहिणीची साडी नेसली आणि तिने पिशवीत भिंग टाकलं. नोंदणी कार्यालयात सहीच्या वेळी पेन चालेना. लिफ्टवाल्याने ते झटकलं, शाईचा ठिपका भाचीच्या बाहीवर उडाला. विहीणबाईंनी कपाळाला हात लावला, भाची आधी ठिपक्याकडे आणि मग नवऱ्याकडे बघून खो खो हसत सुटली. क्लिक झालं. मावशीने मान वळवून बघितलं. तो 'थांबा' म्हणाला नव्हता.

सभागृहात पताका लागल्या होत्या, टेबलांवर कागदी फुलं. पंगत अर्धी जेवून झाली आणि मावशीच्या लक्षात आलं की फोटोवाला दिसत नाहीये. पाच मिनिटं झाली. दहा झाली. बाजूच्या खोलीत आहेर ठेवले होते आणि त्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

इतके दिवस खाली बसलेलं सगळं तिच्या मनात उसळून वर आलं. कड्या तपासणं, दुपारी कोण असतं, बेकरीवाला, सगळं ठरवून केलेलं. बाईही आज इथेच होती! मावशी हात न धुताच उठली आणि तिने दार ढकललं.

आहेर होते तिथेच होते. कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत लिफ्टवाल्याचे आजोबा झोपले होते, मान मागे, तोंड उघडं, हात मांडीवर. फोटोवाला त्यांच्यापासून चार पावलांवर उभा होता. त्याच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती. कॅमेरा हातात तसाच खाली लोंबत होता.

"बॅटरी बदलायला आलो होतो," तो पुटपुटला. "ते उठेपर्यंत थांबतो."

"कधीपासून?"

मावशीने आजोबांकडे बघितलं. तेवढ्यात तिलाही वाटून गेलं, पोट हलतंय का? हलत होतं. ती पुढे झाली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून जोरात म्हणाली, "आजोबा! जेवण संपत आलं!"

आजोबांनी खाडकन डोळे उघडले. "कोण मेलं?" ते ओरडले. "झोपूसुद्धा देत नाहीत! आणि संपलं कसं? मी गोड कुठे खाल्लंय अजून?"

फोटोवाल्याच्या तोंडून एक आवाज निघाला. आधी तिला वाटलं रडला. मग कळलं, हसतोय. हसता हसता त्याने कॅमेरा वर केला. आजोबा काठी उगारून त्याच्यावर खेकसत होते, मावशी त्यांना आवरत होती, आणि कॅमेरा एकामागून एक वाजत होता.

दारात त्याची बायको येऊन उभी राहिली होती. तिनेही बहुधा घड्याळ बघितलं होतं. मावशी तिला म्हणाली, "यांना पाणी द्या. आणि नंतर पंगतीत बसवा, अजून जेवलेले नाहीत."

फोटो तीन आठवड्यांनी आले. विहीणबाईंना आजोबांच्या काठीचा फोटो मुळीच आवडला नाही. आजोबांनी तो मोठा करून मागितला.

पुढच्या महिन्यात एका सकाळी मावशीला फोन आला. पलीकडे अनोळखी बाईचा आवाज. "माझ्या मुलीचं लग्न आहे. एका फोटोवाल्यांनी तुमचा नंबर दिलाय. म्हणाले, त्यांना विचारा."

"आधी काय करायचे, ते सांगितलं त्यांनी?" मावशीने विचारलं.

"सांगितलं. रुग्णालयाचं. म्हणूनच जरा... माणूस कसा आहे?"

मावशी खुर्चीत नीट बसली. "आमचे सात फोटो हललेत. एकात माझं अर्धं डोकं नाही. पंगतीचे निम्मे आलेच नाहीत."

"अरे देवा. मग घेऊ नको म्हणता?"

"तसं कुठे म्हणाले मी? घ्या. माझी पोर कशी हसते ते त्यांनी काढलंय. तुम्हालाही काढून देतील."

"म्हणजे विश्वास ठेवायला हरकत नाही?"

हा प्रश्न मावशीला आयुष्यात प्रथमच कोणी विचारत होतं.

"लक्ष ठेवा," ती म्हणाली. "पंगतीच्या वेळी दिसेनासे झाले तर आरडाओरडा करू नका. शोधायला मात्र जा. कुणी म्हातारं माणूस कुठे झोपलेलं असेल, तर आधी त्याला उठवा."